अर्धीतला रफार

दीपक : पण वहिनी, परवासुद्धा मला कृष्णनाथबाबांचं उत्तर आलं. 'निरोप मेळ्ळो, आयतारा पळयतां.'

जानकी : ते आपोआप जातं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

दीपक : आणि 'रविवारी बघतो' म्हणाले म्हणून मी चार महिने त्या रविवारची वाट बघतोय!

जानकी : मीही बघते. कधी कधी मीच ह्यांना लिहिते. उत्तर लगेच येतं. तुम्ही डिचोलीहून मांद्र्याला एवढ्यासाठी आलात?

दीपक : त्यांच्या लायब्ररीसाठी.

जानकी : पुस्तकं तर मी शाळेला देऊन टाकली हो.

दीपक : पुस्तकं नव्हेत. देवनागरी अक्षरं नीट छापणारा प्रोग्राम त्यांनी लिहून लोकांना मोफत दिला, त्याला लायब्ररी म्हणतात. आमच्या दवाखान्यातली औषधांची पाकिटं त्यावरच छापतात. नवा प्रिंटर आल्यापासून रफार गळतो.

जानकी : एका रफाराचं एवढं?

दीपक : 'अर्धी गोळी'चं 'अधी गोळी' झालं. सुलोचनाबाईंनी ते 'आधी' वाचलं. जेवणाआधी रक्तदाबाची अख्खी गोळी घेत राहिल्या आणि चुलीपाशी कोसळल्या.

जानकी : देवा! आहेत ना?

दीपक : आहेत. आमची पाकिटं आता मी हातानं लिहितो. पण अशी चाळीस ठिकाणं आहेत, सगळी त्यांच्याच खात्यातून प्रोग्राम घेतात. दुरुस्ती माझ्याकडे तयार आहे. पासवर्ड हवा. आणि ते उत्तर बंद करायला हवं.

जानकी : उत्तरानं कुणाचं काय बिघडतं?

दीपक : त्या उत्तरामुळेच सगळे थांबलेत, वहिनी. मीही थांबलो. सुलोचनाबाई त्याच दिवसांत पडल्या.

जानकी : ...हा घ्या लॅपटॉप. पासवर्ड खाली चिकटवलाय. स्वतःचा वाढदिवसही विसरायचे, पासवर्ड कुठला लक्षात राहणार!

दीपक : चढवली दुरुस्ती. आता तपासतो. त्यासाठी त्यांनीच एक वाक्य ठेवलंय. 'जानकी, अर्धो उंडो दवर.'

जानकी : काय म्हणालात?

दीपक : हे बघा. रफार आला.

जानकी : सकाळच्या चहाला अर्धाच पाव खायचे. उरलेला ठेव म्हणायचे, आणि परत कधी मागायचे नाहीत. ...दीपकबाब, बंद करण्याआधी मला एकदा लिहू द्या.

दीपक : लिहा, वहिनी.

(जानकी मोबाइलवर लिहून पाठवते. तो लगेच वाजतो.)

दीपक : काय आलं?

जानकी : तेच. आयतारा पळयतां. (मोबाइलकडे बघत, नवऱ्याला) आता बघू नका हो. झालं ते.