बैलांचं आवतण

हसू नको, पण मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे आधी ध्यानात ठेव.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबानं बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले, रिवाजाप्रमाणं "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं अन् छाती धरून गोठ्यातच बसले. आर्णीचे डॉक्टर येऊन पाहून गेले. म्हणे, आत्ताच्या आत्ता यवतमाळले न्या. बाबा उठेच ना.

"आवतण मी देल्लं. उद्या जेवू कोन घालन?"

"मी घालतो नं."

"तुयं आवतण कुठं हाय त्याईले?"

मी हृदयाच्या नळ्या समजावल्या, हात जोडले. घामानं भिजलेला माणूस मलेच म्हणे, "तू शाळेत शिकव."

तेवढ्यात आमचा मेकॅनिक राशीद गाडी घेऊन आला. तो बाबाशी बोललाच नाही. सरळ बैलांपाशी गेला अन् म्हणाला, "भाऊ हो, आता आवतण माह्यं. उद्या माह्या हातानं जेवा."

बाबानं इचारलं, "काय म्हणे?"

"मान हलवली काकाजी, दोघाईनं."

बाबा उठले अन् गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आत होते, मी दवाखान्याच्या व्हरांड्यात. कोणी काही सांगून नव्हतं राह्यलं. राशीदले फोन लावला, तं तोंडातून पहिलं हेच निघालं, "बैल जेवले का?"

"जेवले नं. पुरणपोळी कमी पडली."

तवा माह्या जिवात जीव आला. डॉक्टर तं अजून बाहेर आलेही नव्हते.