एक पायरी काढायची होती

नाही, पण मी म्हणतो, पायरी ती केवढी! वीतभर! बाथरूमच्या दाराशी, पाणी बाहेर येऊ नये म्हणून कुणी तरी कधी काळी बांधलेली वीतभर पायरी… ती काढायची, एवढंच काम होतं हो! माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, ‘घरात चढ-उतार अजिबात नको.’ आता आमचं घर ते केवढं, त्यात चढणार काय आणि उतरणार काय, तर ही एकच पायरी! म्हटलं, बाबांना आठ दिवस ताईकडे ठेवू, तेवढ्यात पायरी उडवू, की बाबा घरी. तुम्हाला सांगतो, मी प्लॅनिंगवाला माणूस! माझं प्लॅनिंग एका ओळीचं होतं. पायरी काढणे. पूर्णविराम.

तो पूर्णविराम पुसला आमच्या हिनं. गवंडीमामा आले, पायरीवर हातोडी टेकवली… नुसती टेकवली हो, मारलीसुद्धा नव्हती… आणि आतून आवाज, ‘अहो, आता एवढं करतोच आहोत तर बाथरूमच्या टाइल्सही बदलून घेऊ या का?’

या ‘का’वर जाऊ नका. ते विचारणं नसतं, कळवणं असतं!

गवंडीमामांनी हातोडी उचलली ती उचललीच. ‘वहिनी बरोबर बोलतायत,’ म्हणाले. ‘पण मग पायरी शेवटी बरं का साहेब. आत्ता काढली तर सगळा राडा तुमच्या हॉलमध्ये.’ पटलं मला. त्या दिवसांत मला सगळंच पटत होतं.

मग आला प्लंबर. हा माणूस बोलत नाही, आधी नुसता ‘च्च्च’ करतो. पाइपाकडे बघून च्च्च, नळाकडे बघून च्च्च, माझ्याकडे बघून तर दोनदा! ‘टाइल्स नव्या आणि पाइप हे असले? आता एवढं करताच आहात तर…’ बरं, तो पाइप सरळ बाथरूममध्येच राहील की नाही? छे! तो निघाला स्वयंपाकघरातून, म्हणून ओटा फुटला, ओटा फुटला म्हणून खालची कपाटं गेली, कपाटं गेली म्हणून सुतार आला, आणि सुतार बसला कुठे? पायरीवर! त्याच पायरीवर बसून चहा प्यायचा, त्याच पायरीवर फळ्या कापायचा… मी म्हटलं, अहो ही काढायचीय! तर म्हणतो, ‘शेवटी ना? मग बसू द्या की!’

आणि आमचा मेहुणा! स्वतःच्या घरात आजवर एक खिळा ठोकला नाही, पण दुसऱ्याची भिंत दिसली की याचे हात शिवशिवतात. हॉलमध्ये उभा राहिला, मान तिरकी केली, ‘भावोजी, ही मधली भिंत कशाला हवी? आता एवढं करतोच आहोत तर उडवा! घर कसं मोकळं वाटेल!’ करतोच आहोत म्हणे! हा काय करत होता? तर माझ्या कपातून चहा पीत होता!

उडवली भिंत. घर पाहावं बांधून म्हणतात ना, अहो, राहत्या घरात बांधून पाहावं! फ्रिज बेडरूममध्ये, शेगडी बाल्कनीत, पलंग भिंतीला टेकून उभा, आम्ही कुठे टेकायचं ते विचारू नका. साखरेच्या डब्यात स्क्रू आणि स्क्रूच्या डब्यात साखर! धूळ इतकी, की शेजारच्यांनी मला जिन्यात ओळखलं नाही, ‘तुमचे साहेब आहेत का घरी?’ म्हणून मलाच विचारलं!

आणि रोज संध्याकाळी बाबांचा फोन. ‘झाली का रे पायरी?’

‘होतेय बाबा. शेवटीच आहे ती.’

‘असू दे, असू दे, सावकाश. इथे सगळं छान आहे. ताई हातावर झेलते मला. फक्त… खुर्ची आपली नाही रे.’

लेकीचं घर असलं तरी माणूस बॅग भरून बसलाय हे आवाजात कळतं. पण सांगू काय? की पायरीवर सध्या सुतार बसलाय?

शेवटी उजाडला तो दिवस. सगळं चकाचक! बाथरूममध्ये तर फोडाफोड नको म्हणून जुन्या टाइल्सवरच नव्या चढवलेल्या. गवंडीमामा हात पुसत म्हणाले, ‘साहेब, सगळं आरशासारखं झालं, ही पायरीच तेवढी कळकट दिसते बघा. ओट्याचा ग्रॅनाइट उरलाय थोडा. आता एवढं केलंच आहे तर…’

कोण म्हणालं ‘लावा’? तुम्हाला वाटेल ही. नाही! मेहुणा? नाही! मी! मी म्हणालो, ‘लावा!’

काय दिसत होती पायरी, अहाहा! काळीभोर, गुळगुळीत, आणि आधीपेक्षा दोन बोटं उंच! आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहून कौतुक करतोय, मेहुण्यानं फोटो काढला, आणि मी… मी तो बाबांना पाठवला! लगेच फोन. ‘छान आहे,’ बाबा म्हणाले. ‘पण बाळा… ही पायरीच ना रे?’

तुम्हाला सांगतो, त्या मोकळ्याढाकळ्या घरात तोंड लपवायला एक भिंत उरली नव्हती!

‘राहू दे,’ बाबाच म्हणाले. ‘ताईनं इथे धरायला दांडी बसवायला घेतलीय. दोन-चार स्क्रूंचं काम. मी राहीन इथेच.’ दोन-चार स्क्रूंत ताईनं बाप ठेवून घेतला आणि मी अख्खं घर फोडून घालवला! जेवण जाईना मला.

चारच दिवस. परत फोन, मागे घर्रर्र आवाज. ‘मला न्यायला ये. आत्ता!’

‘का हो बाबा?’

‘जावईबापू म्हणाले, आता भिंतीला ड्रिल लावलंच आहे तर…’

पुढचं मी ऐकलंच नाही, पळत सुटलो! आणले बाबांना. ते आपल्या खुर्चीत बसले, खुर्चीवर सिमेंट सांडलेलं, तरी असे टेकले की मलाच भरून आलं. लगेच गवंडीमामांना बोलावलं, म्हटलं, काढा आत्ता! त्यांनी पायरीवरून हात फिरवला. ‘काढतो की. पण बाजूच्या टाइल्स तडकणार, मग साहेब, आता एवढं…’

‘मामा,’ मी हात जोडले, ‘पुढचा शब्द काढलात तर पायरीवर डोकं आपटीन!’

तेव्हा आता पायरी तिथेच आहे आणि मी बाबांना धरून नेतो. आज सकाळीही नेलं. एक पाय, मग दुसरा, हळूच स्टुलावर बसवलं, घाम पुसला, ‘हुश्श’ म्हटलं आणि वळलो, तर मागून बाबा, ‘थांब रे… आता एवढं करतोच आहेस तर जरा पाठही घासून दे!’