मिक्सरनं पोटात ठेवलं

…आणि वर मलाच विचारत्यात, ‘ह्यो भंगारात टाकायचा का?’ भंगारात? अठ्ठावीस वर्षं ह्या घराच्या चटण्या वाटल्या त्यानं, आणि आज सकाळी खोबरं वाटताना एकदा घर्रर्र म्हणून गप्प बसला, तर लगेच भंगारात? मग उद्या मी घर्रर्र केलं तर? न्हाय, तुम्हीच सांगा! मी आपलं सगळ्यांना ठणकावून सांगितलं, बंद पडलाय, मेला न्हाय!

तुम्हाला सांगतो, आमची त्रिशला लग्न होऊन नेसरीहनं आली तवा गाडीत तिच्या मांडीवर ह्यो मिक्सर होता. मी नवरा, मुंडावळ्या बांधून मागं अवघडून बसलेलो, आणि हा पुढं मांडीवर! तवापासनं त्याचं पांढरं अंग पिवळं पडलं आणि माझं काळं डोकं पांढरं झालं, म्हणजे दोघंबी बरोबरीनंच उतरलो म्हणायचं. नुसतं बटण दाबून मात्र तो कधी चालू व्हायचा न्हाय. डाव्या कुशीला, जरा खालच्या अंगाला, एक चापट लागायची. लई जोरात मारली तर रुसायचा, हळू मारली तर ऐकायचा न्हाय. ती जागा आणि तो जोर, घरात फक्त मला माहीत.

आम्ही जैन, आमच्यात जेवण दिवस मावळायच्या आत. त्यामुळं रोज साडेपाचला स्वयंपाकघरातनं त्रिशलाची हाक, ‘अहो, या, चापट मारा.’ की मी पेपर बाजूला ठेवणार, चष्मा काढणार, सावकाश जाणार, एक चापट… घर्रर्र! बँकेतनं रिटायर झाल्यापासनं, खोटं कशाला सांगू, घरात माझं तेवढंच एक काम हो. गॅसचं बुकिंग फोनवर, लाइट बिल फोनवर, भाजी सून आणती. मिक्सर गेला तर मला हाक कोण मारणार आणि कशाला? म्हणून जीव तुटत होता. म्हणून म्हणत होतो, बंद पडलाय, मेला न्हाय!

शेवटी विश्वजितला बोलावलं. गंगावेशीत दुकान हाय त्याचं, मिक्सर दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कुणी न्हाय. तो आला, हॉलमध्ये पेपर अंथरला, मिक्सर पालथा घातला. आम्ही चौघं भोवती. ऐंशी वर्षांची माझी आई, म्हणजे अक्का, त्रिशला, सून आदिती आणि मी. विश्वजितनं चार स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं… आणि थांबला. वास घेतला. परत घेतला. माझ्याकडं बघून म्हणतो कसा, “काका, तुमच्यात कांदा-लसूण चालत न्हाय न्हवं?”

आता आली का पंचाईत! चार पिढ्या ह्या घराच्या उंबऱ्यावरनं लसणाची पाकळी आत आली न्हाय. अक्कांचा तर नियम असा, की शेजारी फोडणी पडली तरी हिकडची खिडकी बंद. आणि त्या मिक्सरच्या पोटात, मोटारीच्या भोवती, लालभडक वाटण थापलेलं!

तुमच्यापाशी म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. त्यातलं माझं होतं. दोनदा. फक्त दोनदा! मिसळीच्या कटाचं वाटण. बाहेर खावी म्हटलं तर ह्या गावात दर टेबलाला एक पावणा बसलेला असतो आणि आपला रुमाल तोंड पुसून होईस्तोवर बातमी घरी पोचलेली असती. म्हणून ह्या सगळ्या नेसरीला गेल्या तवा गपचूप घरी वाटलं. भांडं खालनं गळकं हे मला काय माहीत? म्हटलं, नेमिनाथ, संपला तू.

तर विश्वजित म्हणतो, “काका, हे एकदोनदाचं न्हाय. थर हायत. तळाचा वाळून काळा पडलाय आणि वरचा… वरचा ह्याच आठवड्यातला हाय.”

ह्याच आठवड्यातला? मी दिवाळीपासनं लसणाला हात लावला न्हाय! मी मान वर केली. आदिती फोनमध्ये घुसली होती, फोन उलटा. त्रिशला पंख्याकडं बघत होती, पंखा बंद. आणि अक्का, ज्यांनी जन्मात कधी फुटकी चाळणीसुद्धा टाकू दिली न्हाय, त्या जपमाळ ओढत म्हणाल्या, “गेला रं बिचारा. नेमू, असलं घरात ठेवू नये.” बघा! सकाळपासनं भंगार न म्हणणारं एकच तोंड त्यांचं, आणि आता सगळ्यांत घाई त्यांनाच! मीबी म्हटलं, व्हय, मेलाच म्हणायचा.

पण मला लसणाचं न्हाय हो लागलं. लागलं ते वेगळंच. रात्रीपर्यंत कशाला, तिथंच डोक्यात लखकन उजेड पडला, की मी रोज सकाळी कळंब्याच्या तळ्यावर फिरायला गेलो, की हिकडं मिक्सर चालत होता. म्हणजे चापट कोण मारत होतं? त्रिशलाला बाजूला घेतलं, विचारलं. ती म्हणाली, “पहिल्या वर्षापासनं येती की मला. अक्कांनाबी येती. आदितीला मी शिकवली.”

“मग मला रोज हाक का मारत होतीस?”

“तुम्हाला बरं वाटायचं,” म्हणाली, “म्हणून मारत होते.”

डोळ्यांत पाणी आलं, तुम्हाला सांगतो, आणि ते लसणाचं नव्हतं. मी मिक्सर उचलला, पदरासारखा पेपर त्याच्यावर ओढला आणि म्हटलं, मर्दा, तू खरा. चौघांचं पोटात ठेवलंस, एकाचं दुसऱ्याला कळू दिलं न्हाईस.

संध्याकाळी चौघं नवीन घ्यायला गेलो. मी हळूच विक्रेत्याला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, का वो, ह्यो खालनं उघडून धुता येतो का? तो म्हणाला, काका, तुमच्या घरातनं हे विचारणारे तुम्ही चौथे.

आता नवीन आलाय. आवाज न्हाय, रुसवा न्हाय. तरी साडेपाचला हाक येतीच, ‘अहो, या, चापट मारा.’ मी चष्मा काढून जातो, डाव्या कुशीला एक हलकी मारतो. तो आपला आधीच चालू असतो. त्याचं काय घेऊन बसलाय, ह्या घरात सगळेच आधीपासनं चालू होते… मीच एकटा समजत होतो, की आपण चापट मारल्याबिगर काय चालू होत न्हाय!