कार्ड चालू ठेवण्याबाबत

जबाब देणार: सौ. ज्योत्स्ना नागसेन हिवाळे, वय ६४ वर्षे, शिक्षण बी.ए., बी.एड., धंदा सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार जुना जालना, ता. व जि. जालना.

मी वरील ठिकाणी माझे पती नागसेन भिवा हिवाळे, वय ७१, यांच्यासह राहते. आज दुपारी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, हवालदार सोमेश्वर यांनी विचारल्यावरून समक्ष सांगते की,

माझे पती एसटीत वाहक होते. त्यांची बहुतेक नोकरी भोकरदन रस्त्यावर झाली. तीन वर्षांपासून त्यांना विसर पडण्याचा आजार आहे. साखरही आहे. रोख पैसे दिले तर ते वाटेत कोणालाही देऊन टाकतात, म्हणून मी त्यांच्या खिशात पैसे ठेवत नाही. माझा मुलगा भारत, राहणार पुणे, याने आपल्या क्रेडिट कार्डावर वडिलांच्या नावाचे जोडकार्ड काढून दिले आहे. ते मशीनला टेकवले की रक्कम जाते. खर्च झाला की संदेश भारतच्या व माझ्या मोबाइलवर येतो. मशीनने कार्ड नाकारले तर संदेश फक्त भारतला जातो. हे मला आज कळले.

कार्ड चालू आहे की बंद, याची माझ्या पतींना रोज सकाळी काळजी लागते. ते गल्लीतल्या दुकानात जाऊन काडीपेटी किंवा बिस्किटाचा पुडा मागतात आणि कार्ड टेकवतात. मशीनमधून चिठ्ठी निघाली की तिची घडी घालून वरच्या खिशात ठेवतात आणि दुकानाच्या पायरीवर बसतात. मी आणायला जाईपर्यंत उठत नाहीत. चिठ्ठी निघाली नाही तर ते बसत नाहीत, पुढचे दुकान गाठतात. मागे एकदा सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकीला कार्ड चालले नाही, तेव्हा दुकानदार त्यांना म्हणाला, "बाबा, बोहनीलाच नाट लावला का हो?" तेव्हापासून ते कोणत्याही दुकानात आधी "बोहनी झाली का?" असे विचारतात आणि झाली म्हटल्यावरच कार्ड काढतात. माझे नाव ते विसरतात. हे विसरत नाहीत.

आज सकाळी मी दारात गॅस सिलिंडर उतरवून घेत होते. तेवढ्यात ते मागच्या दाराने गेले. गल्लीतली दुकाने पाहिली, बसस्थानक पाहिले. जीपच्या थांब्यावर एका चालकाने सांगितले, "कंडक्टर साहेब केदारखेड्याच्या जीपमधी बसून गेले की. त्यांच्याकून काय पैसे घ्यायचे म्हनून कुनी मागितले बी न्हाईत." मी भारतला फोन करून वडील घरात नाहीत असे कळवले. जीप वाटेत ठिकठिकाणी थांबते, ते जिथे उतरतील तिथे कार्ड टेकवतील, मग कुठे आहेत ते समजेल, या हिशेबाने मी मोबाइल हातात धरून घरी बसले. दुपारपर्यंत संदेश आला नाही.

मी पुन्हा भारतला फोन केला. तो म्हणाला, "आई, बाबांकडून कोणी काढून घेईल म्हणून कार्ड मी सकाळी तुझा फोन आल्यावरच बंद केलंय, तू टेन्शन घेऊ नको. कोणीतरी चोर केदारखेड्यात चालवून बघून राह्यलाय. तीन दुकानांत नाकारलं." मी विचारले, रक्कम किती. तो म्हणाला, "दहा, वीस. चालू आहे का बघत असेल." मी फोन ठेवला व रिक्षा करून येथे आले.

हवालदार सोमेश्वर यांचेही तेच म्हणणे पडले. ते म्हणाले, "मॅडम, मुलगा बराबर सांगतोय. चोर आधी असंच लहान करून बघतात. कार्ड जिवंत निघालं की मंग मोठा हात मारतात. बंदच राहू द्या." त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हटले नाही. खात्री करते म्हटले.

माझी धाकटी बहीण बेबीनंदा केदारखेड्यात राहते. तिला मी येथूनच फोन करून भारतने सांगितलेल्यांपैकी शेवटच्या किराणा दुकानात पाठवले. दुकानदार हरिओम फोनवर आला. हवालदारांना ऐकू जावे म्हणून मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

हरिओम म्हणाला, "आल्ते की एक बाबा. कार्ड चाललं न्हाई."

मी विचारले, "कार्ड काढण्याआधी काय म्हणाले?"

"आधी इचारलं, बोहनी झाली का. मी म्हनलं, बाबा, दुपार झाली, आता कसली बोहनी! मंग काढलं कार्ड. मशीननं घेतलं न्हाई तर म्हने, माफ करा, पुढं बघतो. बसा, पानी तरी घ्या म्हनलं. बिलकुल बसले न्हाईत."

"कोणीकडे गेले?"

"पुलाकडं. भोकरदनच्या रस्त्यानं. पायीच."

बेबीनंदाने फोन परत घेतला व म्हणाली, "ताई, हितं डोकं तापून राह्यलं उन्हानं, अन तुझा लेक पुण्यात पंख्याखाली बसून बटनं दाबून राह्यला! मी निघाले पुलाकडं."

चोर दुकानदाराच्या बोहनीची चौकशी करत नाही. हे हवालदारांनीही मान्य केले.

मी भारतला फोन लावून कार्ड चालू करण्यास सांगितले. तो म्हणाला, "आणि खरंच चोर निघाला तर?"

मी म्हटले, "तर त्याला चहा पिऊ दे. चालू कर."

त्याने माझ्या समक्ष, फोनवर असतानाच, कार्ड चालू केले.

माझ्या पतींच्या अंगात पांढरा सदरा, राखाडी पँट, पायात चप्पल आहे. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नाही, सकाळची गोळीही घेतलेली नाही. कार्ड चोरीला गेलेले नाही, ज्याचे आहे त्याच्याच खिशात आहे, तरी चोरीची नोंद करू नये. भोकरदन रस्त्यावरील दुकानदारांना ठाण्यातून फोन करून एवढेच सांगावे की असा माणूस आला तर बोहनी झाली म्हणावे, झालेली नसली तरी म्हणावे, आणि कार्ड चालवून चिठ्ठी त्याच्या हातात द्यावी. त्याला धरून ठेवण्याची गरज नाही. तो बसेल.

वरीलप्रमाणे जबाब टाइप करून मला वाचून दाखवण्यास सुरुवात झाली. एके ठिकाणी 'चोरीस गेलेले कार्ड' असे आले होते, ते खोडून घेतले. पुढील ओळी माझ्या हस्ताक्षरात आहेत.

दुसरे पान वाचणे चालू असताना माझ्या मोबाइलवर संदेश आला. रसवंती, भोकरदन रस्ता, वीस रुपये, व्यवहार झाला. बेबीनंदाला कळवले आहे. त्यांना उसाचा रस वर्ज्य आहे. आज चालेल. उरलेला जबाब ऐकण्यास मी थांबत नाही, हवालदारांनी जीप काढली आहे. ऐकला तेवढा माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
ज्योत्स्ना ना. हिवाळे