यंत्राच्या डोळ्यात कुंकू

कॉलेज आणि कारखाना एकत्र आले की काय होतं, ते मला विचारा! बेलूरला माझा छोटा कारखाना आहे, पंपाची झाकणं करतो. विद्यानगरच्या एका कॉलेजातल्या सरांनी मला कॅमेऱ्याचं यंत्र करून दिलं. गंजलेलं झाकण दिसलं की यंत्रानं ते बाहेर ढकलायचं. करारावर सह्या झाल्या, शाली झाल्या, सरांच्याच हातून यंत्राची पूजा झाली.

आठवड्यानं पुण्याहून मोठं गिऱ्हाईक आलं. पहिल्यांदाच यंत्र सुरू केलं, तर एकूण एक झाकण बाद! गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. सरांना बोलावलं. ते लॅपटॉप घेऊन आले, तासभर खुडबुडले आणि गिऱ्हाइकादेखत म्हणाले, "अण्णा, यंत्र बरोबर आहे. तुमचा मालच गंजका आहे."

आमचा लेथवाला बसप्पा पुढं झाला. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं कॅमेऱ्याची काच पुसली. टॉवेल लाल झाला. "सावकार, ह्याच्या डोळ्यात कुंकू गेलंय की!"

पुढची सगळी झाकणं पास झाली.

सर मात्र भडकले. "कॅमेऱ्याला कुंकू लावतं का कुणी? शिकलेली माणसं ठेवा हो!"

बसप्पानं नुसतं भिंतीकडं बोट केलं. तिथं कॉलेजनंच फ्रेम करून पाठवलेला पूजेचा फोटो होता. सर फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याकडं बघून हसतायत, आणि बोट आमच्या कॅमेऱ्यात.