कोपऱ्यावरचा गिअर

सासरे : अगं, भिंत सोड आता. ती पडत नाहीये, टेकू कसला देतेस तिला?

सून : सोडते. तुम्ही कोपर धरा, दंड नको. दंड धरला की मी तुमच्याकडे झुकते.

सासरे : धरलं. चल. समोर बघ. समोर! चाकाकडे काय बघतेस, ते काय पळून जाणार—

सून : —

सासरे : लागलं?

सून : नाही.

सासरे : गुडघा दाखव.

सून : नाही म्हटलं ना, बाबा. पायांवर आले मी. याला पडणं म्हणत नाहीत.

सासरे : मग काय म्हणतात?

सून : उतरणं. तो म्हणायचा, एकचाकी सायकलवरून माणूस पडत नाही, ठरल्याच्या आधी उतरतो.

सासरे : तो काय, नापास झाला तेव्हाही म्हणाला होता, वर्ग आवडला म्हणून थांबलो.

सासू : (पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून) लंबूचा फोन आला होता. निघालाय तो.

सासरे : आत्ताच? तू कशाला बोलावलंस त्याला?

सासू : चार महिने झाले पोराला जाऊन. चार महिने त्याची ती एकचाकी दारामागे टांगलेली. दार ढकललं की आधी चाक दिसतं, मग माणूस. वापरात असेल तर राहू दे, माझं काही म्हणणं नाही. नुसतं लटकवायला ते काय घड्याळ आहे?

सून : आई, मी वापरणारच आहे. सोमवारपासून दुकानात यावरच जाणार.

सासू : आधी गल्लीच्या टोकाला तर जा. पोचलीस, तर लंबू चहा पिऊन जाईल. नाही तर चाक घेऊन जाईल. त्याचा मित्र आहे, चालवता येते त्याला, नीट ठेवेल.

सासरे : हे म्हणजे परीक्षेलाच बसवलंस पोरीला.

सासू : मी कुणाला बसवलं नाही. तीच बसतीये. आणि तीच उतरतीये.

सून : परत धरा, बाबा.

सासरे : दम खा जरा. एक विचारू? रागावू नको. दारासमोरून बस जाते, थेट तुमच्या चष्म्यांच्या दुकानापाशी थांबते. तीस वर्षं बस चालवली मी, माझ्या पोटावर पाय का देतेस?

सून : तुमची बस त्याच्या ऑफिसवरून जाते.

सासरे : हं.

सून : सिग्नलला तिथेच थांबते. रोज. त्याची खिडकी समोर असते. मी मोबाइलमध्ये बघते, पिशवीत काहीतरी शोधते, तरी मान वळतेच. यावर बसलं की मान वळवता येत नाही. वळवली की उतरलंच. तो रस्ता मला असाच ओलांडायचाय, बाबा. पुढे बघून.

सासरे : असं सांग ना मग. धरलं. चल.

सून : हळू. तुम्ही ढकलू नका.

सासरे : मी कुठे ढकलतोय, तूच दाबतेस. केवढा जोर लावतेस त्या पेडलला! मांडी बघ कशी थरथरतीये.

सून : जडच जातं ते. एकदा फिरलं की— एकदा— बाबा—

सासरे : —

सून : तुम्ही का पडलात?

सासरे : मी उतरलो.

सून : हसू नका. मला रडू येतंय.

सासरे : मग रड. मी बसतो इथे पायरीवर. कंबर बघू दे जागेवर आहे का.

सून : मला येत होतं हो. लग्नाआधी त्याने शिकवलं होतं ना, साध्या, बिनगिअरच्या एकचाकीवर. पार त्या टोकापर्यंत जायचे मी. तो बाजूने धावायचा आणि ओरडायचा, पाय थांबवू नको, पाय थांबले की चाक थांबतं!

सासरे : माहितीये. मीच बघत होतो खिडकीतून. चांगली जायचीस.

सून : सीट तर केव्हाच खाली घेतली. माझ्या उंचीला.

सासरे : हो. घेतलीस.

सून : दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी.

सासरे : बोललो की. मीठ दे म्हणालो.

सून : बाबा.

सासरे : काय.

सून : सीटचं नाहीये हे.

सासरे : नाहीये.

सून : तुम्हाला माहितीये?

सासरे : तीस वर्षं गिअर टाकले मी, सूनबाई. गाडी टॉपमध्ये उचलायला लागलं की माझ्या तळपायाला कळतं. ही वरच्या गिअरमध्ये आहे.

सून : पहिल्या दिवसापासून?

सासरे : पहिल्या दिवसापासून. आणि तुला?

सून : मलाही.

सासरे : मग दोघंही शहाणेच म्हणायचे.

सून : खालचा टाकायला एक टाच मारायची असते फक्त. चाकाच्या मधोमध हे बटण आहे, त्यावर. तुमच्या अंगठ्यानेसुद्धा होईल.

सासरे : अंगठा लावला होता मी एकदा. तू दुकानात होतीस. दाबवला नाही.

सून : त्याच्या टाचेने टाकलेला गिअर आहे तो.

सासरे : तो रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये यायचा आणि कोपऱ्यावर, त्या पिवळ्या गेटपाशी, टाच मारायचा. टक्. खालचा गिअर. घर आलं. मी पेपरातून मानसुद्धा वर करायचो नाही. त्या दिवशी ऑफिसात खुर्चीतच गेला. एकचाकी लंबूने गाडीत घालून आणली. कोपऱ्यावर टाच मारायला...

सून : नका ना.

सासरे : बरं. नाही बोलत.

सून : मला वाटायचं, आहे त्याच गिअरमध्ये शिकू. जड तर जड. त्याने ठेवलंय तसं राहील.

सासरे : जमलं असतं?

सून : सहा महिन्यांत कदाचित. लंबू येतोय ना आता.

सासरे : आणि लंबूला काय माहीत? तो इथून सुटला की कोपऱ्याच्या आत टाच मारेल. शीळ घालत मारेल. त्याचा दोष नाही. पण मारेल.

सून : तुम्ही दाबता?

सासरे : नको. पायानेच जाऊ दे. वर बस, मी धरतो. दोन्ही हातांनी धरतो. भिंतही धर.

सून : बाबा, एकदा गेला की परत तोच नाही येणार. परत वरचा टाकला तरी तो माझा असेल.

सासरे : हो गं बाई.

सून : धरलंत ना?

सासरे : धरलं. मार.

सून : टाच घसरली.

सासरे : परत. थोडं पेडल हलव, म्हणजे बसेल.

सून : —

सासरे : टक्.

सून : वाजलं.

सासरे : वाजलं. बस जरा तशीच. घाई नाही.

सून : हलकं झालं हो. किती हलकं आहे हे, बाबा.

सासरे : जा आता. समोर बघ.

सून : कोपर सोडा मग.

सासरे : जा! पाय थांबवू नको! पाय थांबले की... जा, जा, जा!

सून : बाबा! टोक आलं! मला वळता येत नाही!

सासरे : मग उतर! उतर आणि हातात धरून आण! ए, ऐकलंस का गं? बघितलंस का? पोचली ती!

सासू : बघितलं. वर या दोघं. आधण ठेवलंय केव्हाचं.

सासरे : लंबू आला?

सासू : नाही. खालून टक् असा आवाज आला. हात आपला भांड्याकडे गेला.

सासरे : किती कपांचं ठेवलंस?

सासू : चार.

सासरे : बरोबर. लंबू धरून चारच.

सासू : लंबू माझ्या डोक्यातच नव्हता.