मुंडी नाई हलवाची

आन् म्हने मुंडी नाई हलवाची! आता तुमाले सांगतो, मी उत्तमराव, बार्शीटाकळीचा भाजीवाला, तीस वर्सं झाले रोज सकाळी अकोल्याच्या हर्रासात उभा राहतो, अन् तिथं बोली लावाची म्हनजे तोंड नाई उघडाचं, अडत्या आकडा पुकारते, आपन मुंडी हलवाची, झाली मेथी आपली... अशा मानसाले तुमी सांगता मुंडी नाई हलवाची?

झालं असं, डोक्यावर कॅरेट वाहू वाहू मान गेली. मानेतून कळ निघे ते पार उजव्या हाताच्या बोटापर्यंत, मुंग्या येत, तराजू हातातून सुटे. भाजीवाल्याचा उजवा हातच गेला त राहिलं काय? लई भेलो होतो, खोटं काहून सांगू.

त आमची बायको शकुन मले घेऊन गेली अकोल्याच्या ज्योत्स्ना डॉक्टरीनबाईकडं. बाई म्हने, "काका, मानेतल्या नसेजवळ इंजेक्शन देऊ, पण मशीनवर बघत बघत." म्या म्हनलं, "बाई, मी टरबूज नुसतं वाजवून सांगतो लाल हाय का पांढरं, तुमाले पाह्याले मशीन कायले लागते?" बाई म्हने, "काका, टरबुजात रक्तवाहिनी नसते." घ्या! शकुन तोंडाले पदर लावून हसून राहिली. अन् मशीन कोनती, त सोनोग्राफी. भिंतीवर पाटी, इथं गर्भलिंग निदान केल्या जात नाई. म्या म्हनलं चाला, तेवढी तरी काळजी मिटली.

मंग पाडलं एका कुशीवर, मानेवर थंडगार चिकट काहीतरी फासलं. "काका, आता मुंडी अजिबात हलवायची नाही." नाई हलवाची. "खोकायचं नाही." नाई खोकलत. मी दगड! सुई आत गेली, अन् तो मशीन पाहनारा गजेंद्र, सुई किती खोल गेली ते पडद्यावर पाहून पुकाराले लागला, "दोन... अडीच..." अन् आवाज कसा, त हुबेहूब आमच्या किसनराव अडत्याचा, तसाच ओढून ओढून. "तीन..." आता तुमीच सांगा, तीनवर आलेला माल सोडते का कोनी?

हालली ना मुंडी.

"थांबा," बाई म्हने, अन् सुई हळूच मागं घेतली. मंग मले पडद्यावर दाखवलं. लाल लाल लुकलुकत होती ते मेंदूकडं जानारी रक्ताची नळी, अन् सुईचं टोक पोचलं होतं तिच्या पार शेजारी. "बघत नसते ना काका, तर औषध त्या नळीतच गेलं असतं." तुमाले सांगतो, भीतीनं गाळन उडाली माही. टरबुजाचा सारा माज तिथंच उतरला. "बाई," म्हनलं, "पाहा, चांगलं पाहा, दोन मशिना लावून पाहा." पन मुंडी न हलवता म्हनलं. त्याईनं चिकटपट्टीनं माहं कपाळ टेबलाले बांधलं, गजेंद्रले सांगतलं मनातल्या मनात मोज, अन् झालं एकदाचं काम.

बाई म्हने हात संध्याकाळपर्यंत जड राहीन, घाबरू नका. घरी आलो त शकुननं भाकर चुरून सोताच्या हातानं भरवलं मले. लग्नात भरवला होता तो एक घास, त्यानंतर हाच. आता हात त संध्याकाळीच मोकळा झाला, ना कळ ना मुंग्या... पन म्या काहून सांगू? दोन दिवस हात मांडीवर टाकून बसलो, ती घास देऊन राहिली, मी आ करून राहिलो. तिसऱ्या दिवशी नाकावर माशी बसली, अन् गेला ना उजवा हात आपोआप, फटकन! शकुननं पाह्यलं. ताट माह्यापुढं सरकवलं अन् गेली वांगे चिराले.

डॉक्टरीनबाई हुशार हाय, त्यात वाद नाई, भाऊ. पन इलाज थोडासा कच्चा ठेवला असता, एखादा आठवडा, त तिचं काय बिघडलं असतं?